सॉलिड स्टेट ड्राइव्ह : छापील वेग आणि खरा वेग

संगणकाच्या कार्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. पहिला भाग गणनाचा, आणि दुसरा माहिती सांभाळून ठेवण्याचा व मागणी होताच ती हजर करण्याचा. गणन करणारा प्रोसेसर एका सेकंदात अब्जावधी पायऱ्या पार पाडतो. परंतु त्याला लागणारी माहिती सावकाश हाती येत असेल, तर त्याचा बहुतेक वेळ वाट पाहण्यातच जातो. म्हणून माहिती साठविणाऱ्या साधनाचा वेग हा एकंदर संगणकाच्या उपयुक्ततेचा एक निर्णायक घटक होय.

२०२३ सालापासून अशा साधनांची एक नवी पिढी बाजारात आली आहे. तिच्या वेष्टनावर प्रथम सेकंदाला १०,००० मेगाबाइट आणि पुढे १४,००० मेगाबाइटांहून अधिक वेग छापलेला दिसू लागला. ह्याच जातीच्या जुन्या व स्वस्त साधनांचा छापील वेग ५५० मेगाबाइटांच्या आसपास असतो. आता शाळेच्या किंवा ग्रंथालयाच्या संगणकातील जुने साधन काढून तेथे नवे बसविले, तर तो संगणक पंचवीसपट जलद चालू लागेल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक कामांपुरते नकारार्थी आहे. ते तसे का आहे आणि छापील अंकातून नेमका कोणता बोध घ्यावयाचा, हे समजण्यासाठी साधनाच्या अंतरंगात थोडे डोकवावे लागेल.

फिरत्या तबकडीची मर्यादा

१९५६ साली आयबीएम कंपनीने रॅमॅक ह्या संगणकासाठी चुंबकीय तबकड्यांचे पहिले साठवणयंत्र तयार केले. त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि सुमारे ५० लक्ष अक्षरे मावत. आजची हार्ड डिस्क आकाराने तळहाताएवढी असली तरी तिचे तत्त्व तेच आहे. तबकडी फिरत राहते. एक बाहू पुढेमागे सरकून योग्य वर्तुळावर येतो. आणि हवा असलेला भाग फिरत फिरत बाहूच्या टोकाखाली आला म्हणजे तो वाचला जातो.

ह्या रचनेत वेळ कोठे जातो ते पाहा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा असलेला भाग हाती येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद, थांबावे लागते. बाहू सरकण्याचे सुमारे ८ मिलिसेकंद त्यात मिळविले, तर एका वाचनास १२ मिलिसेकंद झाले. म्हणजे विखुरलेल्या जागांवरून तुकडे गोळा करावयाचे असतील, तर सेकंदाला ८० पेक्षा फारसे अधिक तुकडे मिळू शकत नाहीत. प्रत्येक तुकडा ४ किलोबाइटांचा धरल्यास हा वेग सेकंदाला जेमतेम ३२० किलोबाइट पडतो. हीच डिस्क एकाच जागी सलग लिहिलेली माहिती मात्र सेकंदाला २०० मेगाबाइटांच्या वेगाने वाचू शकते. सलग वाचन आणि विखुरलेले वाचन ह्यांतील हा भेद वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढील सर्व विवेचन त्याभोवती फिरणार आहे.

कोंडून ठेवलेला विद्युतभार

सॉलिड स्टेट ड्राइव्हमध्ये फिरणारा किंवा सरकणारा असा एकही भाग नसतो. माहिती सिलिकॉनच्या चिपांमध्ये विद्युतभाराच्या रूपाने राहते. ह्या कल्पनेचा पाया १९६७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डॉवन कांग व सायमन झी ह्यांनी घातला. ट्रान्झिस्टरच्या आत, चारही बाजूंनी विद्युत्-निरोधक पदार्थाने वेढलेला एक सूक्ष्म थर ठेवावयाचा, आणि त्यात इलेक्ट्रॉन कोंडावयाचे, अशी ती योजना होती. वीजपुरवठा बंद झाला तरी निरोधक भिंतीमुळे इलेक्ट्रॉन बाहेर पडू शकत नाहीत, म्हणून माहिती टिकते. इलेक्ट्रॉन आहेत की नाहीत, ह्यावरून ट्रान्झिस्टर किती विद्युतदाबाला प्रवाह जाऊ देतो हे बदलते. आणि तेच पाहून माहिती वाचली जाते.

मग बंद भिंतीतून इलेक्ट्रॉन आत शिरतात तरी कसे? भिंत पुरेशी पातळ असली आणि विद्युतक्षेत्र पुरेसे प्रबळ असले, तर पुंज-यामिकीच्या नियमांनुसार काही इलेक्ट्रॉन भिंत न ओलांडता तिच्यातून आरपार जातात. प्रबळ क्षेत्रात धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या क्रियेची उपपत्ती फाउलर व नॉर्डहाइम ह्यांनी १९२८ सालीच मांडली होती. लिहिणे आणि पुसणे ह्या दोन्ही क्रिया ह्याच मार्गाने होतात.

१९८०च्या दशकात जपानमधील तोशिबा कंपनीचे संशोधक फुजिओ मासुओका ह्यांनी असे असंख्य कप्पे दाटीने बसवून ते एकदम पुसता येतील अशी रचना सिद्ध केली. तिला ‘फ्लॅश’ हे नाव मिळाले. पुसण्याची झटपट क्रिया पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला छायाचित्रणातील प्रकाशझोताची आठवण झाली होती. तिचा पहिला प्रकार १९८४ साली, आणि आजच्या ड्राइव्हमध्ये वापरला जाणारा ‘नँड’ हा प्रकार १९८७ साली विद्वानांसमोर मांडण्यात आला. २०१३ सालापासून हे कप्पे एकावर एक मजल्यांप्रमाणे रचलेल्या चिपा विक्रीस आल्या. प्रारंभी २४ थर होते. आता त्यांची संख्या २०० च्या पुढे गेली आहे.

एका कप्प्यात किती अंक?

प्रारंभी एका कप्प्यात एकच द्विमान अंक ठेवीत. भार आहे किंवा नाही, एवढ्या दोनच अवस्था ओळखावयाच्या असल्याने काम सोपे व जलद होते. पुढे खर्च कमी करण्यासाठी भाराच्या अधिक पातळ्या योजण्यात आल्या. दोन अंकांस ४, तीन अंकांस ८ आणि चार अंकांस १६ पातळ्या लागतात. पाण्याच्या पेल्यात ‘भरलेला’ आणि ‘रिकामा’ एवढेच ओळखावयाचे असेल, तर दृष्टिक्षेप पुरतो. पण त्याच पेल्यावर सोळा रेघा मारून पाणी नेमके कोणत्या रेघेपर्यंत आहे हे सांगावयाचे असेल, तर भरताना थेंबाथेंबाने भरावे लागते आणि वाचतानाही निरखून पाहावे लागते.

हीच गोष्ट कप्प्यांची आहे. अंक वाढले की धारणक्षमता वाढते व किंमत उतरते. परंतु लिहिणे मंदावते, वाचणे काहीसे मंदावते आणि कप्प्याचे आयुष्य घटते. प्रत्येक वेळी लिहिताना व पुसताना निरोधक भिंत किंचित झिजते. एक-अंकी कप्पा सुमारे एक लक्ष वेळा पुसून लिहिता येतो. तीन-अंकी कप्पा एक ते तीन हजार वेळा आणि चार-अंकी कप्पा एक हजार किंवा त्याहून कमी वेळा, असे स्थूलमान सांगता येईल. घरगुती व शालेय संगणकांतील आजच्या बहुतेक ड्राइव्ह तीन किंवा चार अंकांच्याच असतात.

पुसण्याची अडचण

फ्लॅशचा आणखी एक विशेष आहे. लिहिणे व वाचणे पृष्ठापृष्ठाने होते, आणि एका पृष्ठात साधारणतः १६ किलोबाइट मावतात. पुसणे मात्र पृष्ठाने होत नाही. शेकडो किंवा हजारो पृष्ठांचा अख्खा खंड एकदम पुसावा लागतो. शिवाय लिहिलेल्या पृष्ठावर पुन्हा लिहिता येत नाही. आधी पुसणे अनिवार्य असते.

म्हणून ड्राइव्हच्या आत नियंत्रक नावाचा एक छोटा संगणकच बसविलेला असतो. एखादी नोंद बदलावयाची झाली, तर तो नवी नोंद कोऱ्या पृष्ठावर लिहितो, जुनी रद्द म्हणून नोंदवितो, आणि कोणती माहिती कोठे आहे ह्याची सूची अद्ययावत ठेवतो. फुरसत मिळताच रद्द पृष्ठांनी भरलेले खंड निवडून, त्यांतील उपयुक्त पृष्ठे दुसरीकडे उतरवून, तो संपूर्ण खंड पुसून टाकतो. झीज सर्व कप्प्यांत सारखी वाटली जावी, हेही तोच पाहतो. ड्राइव्ह काठोकाठ भरली म्हणजे कोरी जागा उरत नाही. मग एक पृष्ठ लिहिण्यासाठी अनेक पृष्ठे हलवावी लागतात, आणि ती मंदावते.

रस्ता रुंद झाला

ड्राइव्ह कितीही जलद असली तरी माहिती प्रोसेसरपर्यंत कोणत्या मार्गाने जाते, ह्यावर मर्यादा पडतेच. आरंभीच्या ड्राइव्ह हार्ड डिस्कसाठी आखलेल्या ‘साटा’ ह्या मार्गाला जोडीत. ह्या मार्गाची कमाल मर्यादा सेकंदाला ६०० मेगाबाइट असून प्रत्यक्षात ५५० च्या आसपास मिळतात. त्यावरील आज्ञापद्धतीत मागण्यांची एकच रांग असते आणि तीत ३२ मागण्या मावतात. सेकंदाला ८० तुकडे देणाऱ्या तबकडीला ते भरपूर होते.

२०११ साली ‘एनव्हीएमई’ ही नवी आज्ञापद्धती प्रसिद्ध झाली. ती फ्लॅशसारख्या साधनांसाठीच रचलेली असून तीत सुमारे ६४ हजार रांगा आणि प्रत्येक रांगेत तितक्याच मागण्या ठेवता येतात. माहिती ‘पीसीआय एक्सप्रेस’ ह्या मार्गाने थेट प्रोसेसरकडे जाते. ह्या मार्गाची क्षमता दर पिढीस दुप्पट होत आली आहे. ड्राइव्हला मिळणाऱ्या चार पदरांतून तिसऱ्या पिढीत सेकंदाला सुमारे ३,९०० मेगाबाइट, चौथीत ७,९०० आणि पाचवीत १५,७०० मेगाबाइट वाहू शकतात. १४,००० हा छापील अंक येतो तो येथून.

नव्या पिढीची ड्राइव्ह जुन्या पिढीच्या खाचेत बसविली तर ती चालते. पण वेग खाचेच्या मर्यादेएवढाच मिळतो, हेही येथेच सांगून ठेवले पाहिजे.

दोन वेगांतील अंतर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एक पृष्ठ वाचण्यास, मागणी जाऊन उत्तर येईपर्यंत, ५० मायक्रोसेकंद लागतात असे धरू. पृष्ठ १६ किलोबाइटांचे असल्यास एका जागेवरून सेकंदाला ३२० मेगाबाइट मिळतील. मग १४,००० कोठून आले? उत्तर असे की, नियंत्रक एकाच वेळी चाळीस-पंचेचाळीस ठिकाणांहून वाचन करतो. माहिती सलग व मोठी असेल, तर पुढे काय लागणार हे आधीच ठाऊक असते; म्हणून सर्व चिपा एकदम कामाला लावता येतात. छापील वेग हा अशा सामुदायिक श्रमाचा वेग होय.

परंतु संगणकाचे रोजचे काम असे नसते. संगणक सुरू होताना, एखादी आज्ञावली उघडताना किंवा ग्रंथसूचीत एक नोंद शोधताना लहान लहान तुकडे लागतात. आणि पुष्कळदा पहिला तुकडा वाचल्यावाचून दुसरा कोठे आहे हेच कळत नाही. अशा वेळी एकच मागणी पाठवून उत्तराची वाट पाहावी लागते. ५० मायक्रोसेकंदांच्या हिशेबाने सेकंदाला असे २०,००० तुकडे मिळतील. ४ किलोबाइटांचा एक ह्याप्रमाणे हा वेग होतो ८० मेगाबाइट, म्हणजे छापील अंकाचा सुमारे १७५ वा हिस्सा.

हा ८० मेगाबाइटांचा अंक क्षुल्लक मानू नये. हार्ड डिस्कच्या ३२० किलोबाइटांशी तुलना केली तर तो अडीचशेपट आहे. जुन्या संगणकात हार्ड डिस्कच्या जागी साधी साटा ड्राइव्ह बसविली की तो नव्यासारखा वाटू लागतो, ह्याचे रहस्य ह्या अडीचशेपटीत आहे. तिसऱ्या पिढीकडून पाचव्या पिढीकडे जाताना मात्र असे होत नाही. रस्ता चौपट रुंद झाला, पण कप्प्यातील भार ओळखण्यास लागणारा वेळ चौपट कमी झालेला नाही. रुंद रस्त्यावर एकाच वेळी अधिक गाड्या धावतात. एकट्या गाडीचा प्रवास त्यामुळे लवकर संपत नाही.

ह्या भेदाचे एक बोधप्रद उदाहरण आहे. इंटेल व मायक्रॉन ह्या कंपन्यांनी २०१५ साली एका निराळ्या तत्त्वावरील स्मृतीची घोषणा केली, आणि २०१७ पासून इंटेलने ती ‘ऑप्टेन’ ह्या नावाने विकली. तिचा सलग वेग समकालीन फ्लॅश ड्राइव्हहून कमीच होता. परंतु एका मागणीला उत्तर देण्यास तिला केवळ १० मायक्रोसेकंदांच्या आसपास लागत. म्हणजे विखुरलेल्या वाचनात ती कित्येक पटींनी सरस होती. तथापि तिची किंमत अधिक होती, आणि २०२२ साली इंटेलने हा व्यवसाय आवरता घेतल्याचे जाहीर केले.

मग नव्या ड्राइव्हचा उपयोग कोणास? जेथे मोठ्या व सलग माहितीची ने-आण होते, त्यांस. ५० गिगाबाइटांची एक चित्रफीत वाचण्यास २०० मेगाबाइट वेगाच्या हार्ड डिस्कला ४ मिनिटे १० सेकंद, साटा ड्राइव्हला सुमारे दीड मिनिट, तिसऱ्या पिढीच्या ड्राइव्हला १४ सेकंद आणि पाचव्या पिढीच्या ड्राइव्हला साडेतीन सेकंदांच्या आसपास लागतात. चित्रपटांचे संकलन, उपग्रहचित्रांचे विश्लेषण किंवा शेकडो जणांच्या मागण्या एकाच वेळी पुरविणारे केंद्र, अशा ठिकाणी हा लाभ खराखुरा आहे. पत्रलेखन, हिशेब किंवा ग्रंथसूची ह्यांसाठी साडेतीन सेकंद आणि चौदा सेकंद ह्यांतील फरक कधी अनुभवासच येणार नाही.

उसना वेग

लिहिण्याच्या छापील वेगाबाबत आणखी सावधगिरी हवी. चार-अंकी कप्प्यांत थेट लिहिणे फार मंद असते. म्हणून नियंत्रक मोकळ्या कप्प्यांत तात्पुरता एकेकच अंक झपाट्याने लिहून घेतो, आणि नंतर सवडीने ती माहिती दाटीने भरतो. वेष्टनावरील लेखनवेग ह्या पहिल्या टप्प्याचा असतो.

१,००० गिगाबाइटांची चार-अंकी ड्राइव्ह पूर्ण रिकामी असताना ह्या रीतीने जास्तीत जास्त २५० गिगाबाइट झपाट्याने स्वीकारू शकेल. प्रत्यक्षात पुष्कळ ड्राइव्हमध्ये ह्याहून कमी जागा राखलेली असते. तीच ड्राइव्ह तीन-चतुर्थांश भरली असेल, तर ही मर्यादा ६० गिगाबाइटांच्या आसपास येते. ती संपली की खरा वेग उघडा पडतो. स्वस्त चार-अंकी ड्राइव्हच्या बाबतीत तो सेकंदाला १०० ते २०० मेगाबाइटांपर्यंत, म्हणजे साध्या हार्ड डिस्कच्या पातळीवर किंवा तिच्याही खाली घसरतो.

उष्णता हे दुसरे कारण. पाचव्या पिढीच्या ड्राइव्हची पट्टी २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब असते, आणि भर कामात ती १० वॅटच्या आसपास शक्ती खर्च करते. ही उष्णता वाहून नेण्यासाठी धातूचे पंखे जोडले नाहीत, तर तापमान वाढताच नियंत्रक स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपण होऊन कमी करतो.

आयुष्य आणि विस्मरण

झिजेचे भय पुष्कळांस वाटते, पण ते साध्या वापरात अनाठायी आहे. १,००० गिगाबाइटांच्या तीन-अंकी ड्राइव्हसाठी उत्पादक बहुधा ६०० टेराबाइट लेखनाची हमी देतात. दररोज ५० गिगाबाइट लिहिले, तरी ती मर्यादा गाठण्यास १२,००० दिवस, म्हणजे जवळजवळ ३३ वर्षे लागतील.

खरा धोका निराळाच आहे. निरोधक भिंत कितीही चांगली असली तरी इलेक्ट्रॉन अत्यंत मंद गतीने झिरपत असतात. भिंत झिजलेली असेल आणि हवा उष्ण असेल, तर ही गळती वाढते. अर्धसंवाहक उद्योगाची मानके ठरविणाऱ्या जेडेक संस्थेच्या मानकानुसार, सामान्य वापराच्या ड्राइव्हने आपले नेमून दिलेले सर्व लेखन पुरे केल्यावर, वीज न देता ३० अंश सेल्सियस तापमानात माहिती एक वर्ष टिकविली म्हणजे ती कसोटीस उतरली. नवी ड्राइव्ह ह्याहून पुष्कळ अधिक काळ टिकते हे खरे. तथापि उन्हाळ्यात तापणाऱ्या कोठारात, कपाटबंद करून वर्षानुवर्षे विसरून जाण्याची ही वस्तू नव्हे. दुर्मिळ ग्रंथांच्या छायाप्रती किंवा विद्यार्थ्यांच्या जुन्या नोंदी केवळ अशा एका ड्राइव्हच्या भरवशावर ठेवू नयेत.

वीज अकस्मात जाणे हाही एक धोका होय. लिहिणे चालू असताना पुरवठा तुटला, तर हातची माहिती, आणि क्वचित नियंत्रकाची सूचीही, बिघडू शकते. मोठ्या केंद्रांसाठी बनविलेल्या ड्राइव्हमध्ये अशा प्रसंगी काही क्षण वीज पुरविणारे कपॅसिटर असतात; साध्या ड्राइव्हमध्ये ते बहुधा नसतात.

निवड करताना

वरील विवेचनावरून शाळा व ग्रंथालये ह्यांना उपयोगी पडतील असे काही निष्कर्ष निघतात. ज्या संगणकात अद्याप हार्ड डिस्क आहे, तेथे कोणतीही चांगली सॉलिड स्टेट ड्राइव्ह बसविल्याने सर्वांत मोठा लाभ होतो. त्यासाठी पाचव्या पिढीची महागडी ड्राइव्ह घेण्याचे कारण नाही; शिल्लक द्रव्यातून आणखी एका संगणकाची सुधारणा करणे अधिक श्रेयस्कर. खरेदीपूर्वी संगणकात कोणती खाच आहे ते पाहावे. सलग वेगाच्या मोठ्या अंकाशेजारी कप्पा किती अंकी आहे, एकूण किती लेखनाची हमी आहे आणि हमीची मुदत किती वर्षांची आहे, हे विचारावे. ड्राइव्हचा काही भाग नेहमी मोकळा ठेवावा. वीज वारंवार जात असेल, तर संगणकास बॅटरीवर चालणाऱ्या यूपीएसची जोड द्यावी. आणि जी माहिती गमावणे परवडणार नाही, तिची निदान एक प्रत दुसऱ्या साधनावर, शक्य तर दुसऱ्या जागी, ठेवून ती वर्षातून एकदा तरी उघडून तपासावी.